टॅग लावला, तरी सर्व्हर उघडेना

या खेपेच्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून आली आहे : 'ताई, सर्व्हरवर टॅग आहे, पॉलिसीत टॅग आहे, दोन्ही सारखे आहेत, तरी परवानगी नाही म्हणून सांगतंय.' गेली सोळा वर्षं मी सर्व्हर सांभाळायचं काम करते आहे. या तक्रारीपायी जागवलेल्या रात्री अजून लक्षात आहेत. म्हणून या महिन्याचं सदर सगळं याच विषयाला देते.

विषय ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतात. कार्याच्या घरी पातेली, पराती गेल्या की नावावरून त्या परत आपापल्या घरी येतात. क्लाउडमधला टॅग पहिल्यांदा एवढ्याच कामाचा होता. सर्व्हरवर 'प्रोजेक्ट' नावाचा टॅग लावायचा, त्याची व्हॅल्यू 'बिलिंग' ठेवायची आणि महिनाअखेर कोणत्या प्रोजेक्टचा किती खर्च झाला ते काढायचं. कुणाला काय करता येईल ते लिहिलेल्या नियमांना पॉलिसी म्हणतात. पुढे त्यातल्या परवानग्याही टॅगवर टेकू लागल्या. एडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, ईसी-टू या भाड्याच्या सर्व्हरसाठी ही सोय २०१३ पासून आहे. माणसाच्या खात्यालाही टॅग लावायचा आणि सर्व्हरचा टॅग त्याच्याशी जुळला तरच परवानगी द्यायची, हे २०१८ मध्ये आलं. म्हणजे भांड्यावरचं नाव बघून कोठीचं दार उघडायचं की नाही ते ठरू लागलं.

एक सूचना. क्रियांची नावं मी वाचायला सोपी जावीत म्हणून जोडरेषा घालून लिहिते आहे. स्क्रीनवर ती रोमन लिपीत, सलग दिसतील.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचे एडब्ल्यूएसवर चौदा सर्व्हर आहेत. त्यातल्या चारांवर 'प्रोजेक्ट' टॅग लावून व्हॅल्यू 'बिलिंग' ठेवली. पॉलिसीत ईसी-टूच्या सगळ्या क्रियांना परवानगी दिली, अट एवढीच की सर्व्हरवर हा टॅग हवा. पण आमचा मुलगा लॉगिन करतो तर यादीच्या जागी नुसता 'परवानगी नाही' असा संदेश येतो. टॅग दहा वेळा तपासला. बाकीचे दहा सर्व्हर त्या मुलाला दिसूही नयेत अशी आमची इच्छा आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या टॅगमध्ये काही चूक नाही. अडलंय ते यादीपाशी. कन्सोल, म्हणजे ब्राउझरमधली एडब्ल्यूएसची स्क्रीन, उघडला की तो आधी 'डिस्क्राइब-इन्स्टन्सेस' ही क्रिया मागतो, म्हणजे 'सर्व्हर दाखवा' म्हणतो. 'स्टार्ट-इन्स्टन्सेस' किंवा 'स्टॉप-इन्स्टन्सेस' मागताना अमुक एक सर्व्हर समोर असतो, त्याचा टॅग पाहता येतो. यादी मागताना समोर कोणताच सर्व्हर नसतो. मग टॅग पाहायचा कुणाचा? अट पुरी होत नाही आणि मागणी फेटाळली जाते. ईसी-टूमध्ये 'डिस्क्राइब'ने सुरू होणाऱ्या जवळजवळ सगळ्या क्रियांचं असंच आहे. त्यांना रिसोर्सच्या, म्हणजे 'कोणत्या वस्तूवर' याच्या जागी स्टारच, म्हणजे 'सगळ्यांवर' असंच, द्यावा लागतो आणि टॅगची अट तिथे लागू पडत नाही.

तेव्हा पॉलिसीचे दोन भाग करा. पहिल्या भागात 'डिस्क्राइब'च्या क्रिया, रिसोर्स स्टार, अट काही नाही. दुसऱ्या भागात चालू करणं, बंद करणं, रीबूट करणं, आणि तिथे तुमची टॅगची अट. बदल केल्यावर मिनिटभर थांबा. पॉलिसी सगळीकडे पोचायला कधी कधी थोडा वेळ लागतो, आणि या एका मिनिटाच्या अधीरपणात लोक बरोबर लिहिलेली पॉलिसी पुन्हा बिघडवतात. यादी आल्यावरही 'अलार्म स्टेटस'च्या रकान्यात नकार दिसत राहील. तो क्लाउडवॉच या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या वेगळ्या सेवेचा असतो. 'क्लाउडवॉच'साठी 'डिस्क्राइब-अलार्म्स'ची परवानगी दिलीत की तोही जाईल.

राहिले ते दहा सर्व्हर. ते टॅगने लपणार नाहीत. ज्याला यादी पाहता येते त्याला त्या क्षेत्रातली (रीजनमधली, म्हणजे सर्व्हर जिथे ठेवलेत त्या ठिकाणची) सगळी यादी दिसते. कन्सोलमध्ये गाळणी लावून चारच दाखवता येतात, पण ती सोय आहे, कुलूप नव्हे. मुलाने गाळणी काढली की चौदाही समोर. खरंच दिसू द्यायचे नसतील तर ते दहा सर्व्हर वेगळ्या एडब्ल्यूएस खात्यात हलवा. काम मोठं आहे, पण दुसरा रस्ता मला माहीत नाही आणि तसा आहे असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही.

प्रश्न : आमच्या क्यूए (चाचणी करणाऱ्या) टीमला सहा सर्व्हर चालू-बंद करता यायला हवेत. चार होतात, दोन होत नाहीत. सहाही सर्व्हरवर टॅग एकच, पॉलिसी एकच. टीम लीड म्हणतात, स्टार देऊन मोकळे व्हा. (एक वाचक, हिंजवडी, पुणे)

उत्तर : स्टार देऊ नका. स्टार दिलात की हे दोन सर्व्हर सुरू होतील, पण ते का अडले होते ते कधीच कळणार नाही, आणि दिलेला स्टार पुढे कुणी काढून घेत नाही. आजवर तरी मी कुणी काढून घेतलेला पाहिला नाही.

नकार येतो तेव्हा त्याच्याखाली अक्षरांची एक लांबलचक माळ येते. तिच्याआधी लिहिलेलं असतं, की हा नकाराचा सांकेतिक तपशील आहे. बहुतेक जण ती माळ सोडून देतात आणि स्क्रीनशॉटमध्येही कापून टाकतात. खरा पंचनामा तिथेच असतो. कमांड लाइनवर एसटीएस सेवेची 'डिकोड-ऑथोरायझेशन-मेसेज' ही कमांड आहे, तिला ती माळ अख्खी द्यायची. मात्र ही कमांड चालवायचीही वेगळी परवानगी लागते, ती तुमच्या खात्यावर आहे ना ते आधी बघा.

उलगडलेल्या मजकुरात मी सगळ्यात आधी 'एक्स्प्लिसिट-डिनाय' शोधते. त्यापुढे 'ट्रू' असेल तर कुठल्यातरी नियमाने मुद्दाम मनाई केली आहे. मग तुम्ही परवानग्यांची कितीही भर घाला, उपयोग नाही. ती मनाईच शोधून काढावी लागते. 'फॉल्स' असेल तर कुणी मना केलेलं नाही, फक्त कुणी परवानगीही दिलेली नाही. तुमच्या बाबतीत हे दुसरंच असणार. त्याच्या खाली मागणीच्या वेळी एडब्ल्यूएसला काय काय दिसलं त्याची यादी असते, आणि तीत सर्व्हरचे टॅग असतात. तुम्ही लावलेत असं तुम्हाला वाटतं ते टॅग बाजूला ठेवा, तिथे दिसतात ते वाचा.

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला माझ्या एका सहकाऱ्याचा फोन आला. त्याचीही तक्रार हीच होती, सहाऐवजी नऊ सर्व्हर होते एवढाच फरक. मी ती माळ उलगडली आणि टॅगची व्हॅल्यू वाचली, 'क्यूए'. पॉलिसीतही 'क्यूए'. मग कर्सर त्या अवतरणचिन्हापाशी नेला आणि बाणाची कळ एकेकदा दाबत गेले. क्यू, ए, आणि मग चिन्हाबाहेर पडायच्या आत कर्सर आणखी एकदा हलला. शब्दामागे एक रिकामी जागा होती. कुणीतरी एक्सेलच्या तक्त्यातून व्हॅल्यू उचलून चिकटवली होती, तिच्यासोबत ती जागाही आली. कन्सोलमध्ये ती दिसत नाही, कारण तिथे व्हॅल्यूभोवती अवतरणचिन्हं नसतात. पॉलिसीतला 'स्ट्रिंग-इक्वल्स' अक्षर न् अक्षर जुळवतो. त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होते.

हाच घोळ कॅपिटल-स्मॉलचाही होतो. कॅपिटल अक्षरांतला 'क्यूए' आणि स्मॉल अक्षरांतला 'क्यूए' या दोन वेगळ्या व्हॅल्यू आहेत. हा भेद न मानणारा 'स्ट्रिंग-इक्वल्स-इग्नोअर-केस' मिळतो, पण मी तो वापरत नाही. टॅग मुळापासून स्वच्छ करावेत. नाहीतर आज परवानगीपुरतं भागेल आणि महिनाअखेर बिलाच्या तक्त्यात एकाच टीमच्या दोन ओळी दिसतील.

टॅग खरंच सारखे निघाले तर पॉलिसीतली रिसोर्सची ओळ वाचा. तिथे सर्व्हरच्या पत्त्यात क्षेत्राचं नाव असतं. मुंबईचं क्षेत्र २०१६ मध्ये सुरू झालं, हैदराबादचं २०२२ मध्ये. जुन्या पॉलिसींमध्ये मुंबईचंच नाव पक्कं लिहिलेलं असतं आणि कुणी नवे दोन सर्व्हर हैदराबादला उभे केलेले असतात. टॅगपर्यंत गोष्ट पोचतच नाही, पत्त्यावरच अडते.

प्रश्न : टॅग नसेल तर नवा सर्व्हर उभाच राहू नये असा नियम केला. आता टॅग लावूनही उभा राहत नाही! (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोन चुका असू शकतात, आणि बहुधा दोन्ही असतील.

पहिली. अटीत तुम्ही 'रिसोर्स-टॅग' लिहिलंय का? 'रिसोर्स-टॅग' म्हणजे आधीच असलेल्या वस्तूवर लागलेला टॅग. तुमचा सर्व्हर तर अजून जन्मायचाय. इथे 'रिक्वेस्ट-टॅग' हवा, म्हणजे मागणीसोबत आलेला टॅग.

दुसरी चूक जास्त त्रास देते. सर्व्हर उभा करायची क्रिया, 'रन-इन्स्टन्सेस', एकटी नसते. ती सर्व्हरसोबत डिस्क, नेटवर्क इंटरफेस, सबनेट (नेटवर्कचा तुकडा), सिक्युरिटी ग्रुप (फायरवॉलचे नियम) आणि ज्या इमेजवरून सर्व्हर बनतो ती इमेज, या सगळ्यांसाठी परवानगी मागते. लॉगिनसाठी की-पेअर दिली असेल तर तिच्यासाठीही. तुम्ही रिसोर्स स्टार ठेवून टॅगची अट घातली, की ती अट सबनेट आणि इमेजलाही लागते. सबनेट आधीपासूनचं आहे. त्याच्यासाठी मागणीत टॅग येणार कुठून? सबनेटसाठी नकार आला की पूर्ण मागणीच फेटाळली जाते. म्हणून सर्व्हर आणि डिस्क यांचा एक भाग करा, त्याला टॅगची अट घाला. सबनेट, इमेज, सिक्युरिटी ग्रुप वगैरेंचा दुसरा भाग करा, तिथे ही अट नको.

शिवाय जन्मताना टॅग लावणं हीसुद्धा एक क्रिया आहे, 'क्रिएट-टॅग्ज', आणि तिची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती सरसकट देऊ नका. तिच्यावर 'क्रिएट-ॲक्शन' ही 'रन-इन्स्टन्सेस' असेल तरच, अशी अट घाला. म्हणजे सर्व्हर उभा करताना टॅग लावता येतील, नंतर नाही. का, ते खालच्या कोल्हापूरच्या पत्रात सांगितलंय.

डिस्क विसरू नका. सर्व्हरला लावलेला टॅग त्याच्या डिस्कवर आपोआप जात नाही. कन्सोलमध्ये टॅगच्या ओळीत 'रिसोर्स टाइप्स' म्हणून यादी असते, तिथे 'इन्स्टन्सेस'सोबत 'व्हॉल्यूम्स'ही निवडावं लागतं. ऑटो स्केलिंग, म्हणजे गरजेप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणं-कमी करणं, वापरत असाल तर तिथले टॅग नव्या सर्व्हरवर उतरवता येतात, डिस्कसाठी मात्र ते लॉन्च टेम्प्लेटमध्येच, म्हणजे नवा सर्व्हर ज्यावरून बनतो त्या साच्यातच, लिहावे लागतात.

प्रश्न : टेस्टिंगच्या टीमला 'एन्व्हायर्नमेंट' टॅगमध्ये 'टेस्ट' लिहिलेलेच सर्व्हर हाताळता येतात, तशी पॉलिसी मी केली. सर्व्हर कोण वापरतंय ते मुलांना लिहिता यावं म्हणून टॅग लावायची परवानगीही दिली. परवा ऑडिटला आलेल्या बाईंनी विचारलं, 'मग यांनी प्रॉडक्शनच्या सर्व्हरवर टेस्ट असा टॅग लावला तर?' मला उत्तर देता आलं नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : त्या बाईंनी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंय. उत्तर असं, की ते लावू शकतात. लावला, की पुढच्या क्षणी तो प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या वापरातला सर्व्हर त्यांच्या हातात. तो बंद करता येईल, आणि पॉलिसीत 'टर्मिनेट' असेल तर कायमचा काढूनही टाकता येईल. कुणाच्या मनात वाईट असायलाही नको. टेस्टचा सर्व्हर समजून टॅग लावताना दुसऱ्याच ओळीवर टिचकी मारली तरी हेच होईल.

भांड्यावरचं नाव कोरलेलं असतं. टॅग खडूने लिहिलेला असतो, हात पोचला की पुसला जातो. दार ज्या खडूच्या अक्षरावर उघडतं, तो खडू कुणाच्या हातात आहे हे परवानगीइतकंच महत्त्वाचं आहे. टॅगवर चालणाऱ्या एखाद्या पॉलिसीची तपासणी माझ्याकडे आली, तर मी आधी 'क्रिएट-टॅग्ज' आणि 'डिलीट-टॅग्ज' कुणाकडे आहेत ते बघते. बाकीचं त्यानंतर.

आता दुरुस्ती. मुलांना वापरणाऱ्याचं नाव लिहायचंय ना, तर त्यांना तेवढ्याच टॅगला हात लावू द्या. त्यासाठी 'टॅग-कीज' नावाची अट असते, मागणीत कोणकोणत्या नावांचे टॅग आहेत ते ती पाहते. इथे दोन प्रकारे लिहिता येतं : 'एन्व्हायर्नमेंट' सोडून काहीही चालेल, किंवा 'ओनर' आणि 'नोट' एवढंच चालेल. दुसरा प्रकार निवडा. कारण सांगते. पॉलिसीत 'रिसोर्स-टॅग'पुढे टॅगचं नाव लिहिलं, तर तिथे कॅपिटल-स्मॉल पाहिलं जात नाही; स्मॉल 'ई'चा 'एन्व्हायर्नमेंट' आणि कॅपिटल 'ई'चा 'एन्व्हायर्नमेंट' दोन्ही जुळतात. पण 'टॅग-कीज'मध्ये 'स्ट्रिंग-इक्वल्स' वापरला की तो मात्र अक्षर न् अक्षर पाहतो. म्हणजे तुम्ही स्मॉल 'ई'ला मनाई केलीत आणि कुणी प्रॉडक्शनच्या एखाद्या टॅग नसलेल्या सर्व्हरवर कॅपिटल 'ई'चा टॅग लावला, तर मनाई लागू होणार नाही आणि दार उघडेल. चालणाऱ्या नावांची यादी दिली की ही फट राहत नाही. जोडीला आणखी एक अट घाला, की टॅग लावायचा तोही आधीपासून 'टेस्ट' असलेल्या सर्व्हरवरच.

यादी लिहिताना 'फॉर-ऑल-व्हॅल्यूज' हा शब्द येईल, म्हणजे मागणीतलं प्रत्येक नाव यादीत असलं पाहिजे. त्याचा एक गुण लक्षात ठेवा : मागणीत एकही नाव नसेल तर तो अट पुरी झाली असं धरतो. 'क्रिएट-टॅग्ज'ला याचा त्रास नाही, तिथे नाव द्यावंच लागतं. पण 'डिलीट-टॅग्ज'ला सर्व्हरचा क्रमांक देऊन टॅगचं नाव दिलंच नाही, तर ती क्रिया त्या सर्व्हरवर आपण लावलेले सगळे टॅग पुसून टाकते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर काय होईल ते तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून 'नल' ही अट घालून, टॅगची नावं मागणीत असलीच पाहिजेत असं बंधन करा. किंवा सरळ 'डिलीट-टॅग्ज' देऊच नका. मी देत नाही. चुकीचा 'ओनर' बदलायचा तर त्याच नावाने नवी व्हॅल्यू लिहिली की जुनी जाते, पुसायची गरज पडत नाही.

टॅग पुसले जाणं मला इतकं का खुपतं, तेही सांगते. पुष्कळ ठिकाणी मनाई अशी लिहिलेली असते : 'एन्व्हायर्नमेंट' जर 'प्रॉडक्शन' असेल तर बंद करायला मनाई. टॅग पुसला, की 'प्रॉडक्शन' राहिला नाही आणि मनाईही राहिली नाही. तीच मनाई उलट लिहा : 'एन्व्हायर्नमेंट' जर 'टेस्ट' नसेल तर मनाई, म्हणजे 'स्ट्रिंग-नॉट-इक्वल्स'. हा शब्द टॅग मुळीच नसला तरी 'जुळत नाही' असंच मानतो, त्यामुळे टॅग नसलेल्या सर्व्हरलाही मनाईच लागते. टॅग हरवला तर दार बंद राहिलं पाहिजे, उघडं नाही.

हे सगळं आज संध्याकाळपर्यंत करा, ऑडिटचा अहवाल यायची वाट पाहू नका. त्यानंतर क्लाउडट्रेलची, म्हणजे कुणी काय केलं त्याच्या नोंदवहीची, इव्हेंट हिस्टरी उघडून 'क्रिएट-टॅग्ज' शोधा. तिथे मागच्या ९० दिवसांच्या नोंदी असतात : कुणी, कधी, कोणत्या सर्व्हरवर कोणता टॅग लावला. प्रॉडक्शनच्या सर्व्हरचे क्रमांक त्यात आहेत का ते एकेक करून बघा. त्या बाईंना दाखवायलाही तीच यादी उपयोगी पडेल.

प्रश्न : ताई, मी इथे न्यू जर्सीत एका छोट्या फर्ममध्ये आहे, सासवडचा. आम्ही प्रत्येक यूजरला 'टीम' टॅग लावला आणि सर्व्हरची 'टीम' यूजरच्या 'टीम'शी जुळली तरच परवानगी, असं केलं. कुणाचंच काही चालत नाही. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्याकडची मंडळी लॉगिन करून पुढे रोल, म्हणजे ठरावीक परवानग्यांची तात्पुरती भूमिका, घेतात का? 'गेट-कॉलर-आयडेंटिटी' ही कमांड त्यांना चालवायला सांगा. उत्तरात 'अझ्युम्ड-रोल' असा शब्द दिसला, तर त्या वेळी एडब्ल्यूएसच्या समोर तो माणूस यूजर म्हणून नाही, रोल म्हणून उभा आहे. यूजरला लावलेले टॅग त्याच्यासोबत येत नाहीत. रोलचे टॅग पाहिले जातात, आणि ते तुम्ही लावलेले नसणार. टीमगणिक वेगळा रोल असेल तर टॅग रोललाच लावा, सोपं काम आहे. सगळ्यांना मिळून एकच रोल असेल, तर रोल घेताना सेशन टॅग, म्हणजे तेवढ्या वेळेपुरते टॅग, पाठवावे लागतात, आणि त्यासाठी रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत (रोल कुणी घ्यायचा ते सांगणाऱ्या पॉलिसीत) 'टॅग-सेशन'ची परवानगी लागते.

रोल नसेल, तर पॉलिसीची पहिली ओळ पाहा. 'व्हर्जन'पुढे २०१२-१०-१७ ही तारीख हवी. ती ओळच गाळली तर २००८ ची जुनी आवृत्ती धरली जाते. त्या आवृत्तीला डॉलरच्या चिन्हापुढे महिरपी कंसात लिहिलेलं चल पद (व्हेरिएबल) कळत नाही. ती ते कंसासकट जसंच्या तसं शब्द म्हणून घेते आणि सर्व्हरवर तेवढ्याच अक्षरांचा टॅग शोधत बसते. ही तारीख आपण पॉलिसी लिहिली तो दिवस आहे असं समजून बदलू नका. असं करणारे दोघे जण मला भेटले आहेत.

प्रश्न : परवानगी दिली, नकारही येत नाही, पण सर्व्हर सुरू केला की 'पेंडिंग' होतो आणि लगेच परत 'स्टॉप्ड'. माझ्या खात्यातून मात्र सुरू होतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सर्व्हरची डिस्क तुमच्या स्वतःच्या केएमएस (एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सेवा) किल्लीने एन्क्रिप्ट केलेली आहे का ते बघा. सर्व्हर सुरू करायची परवानगी त्या माणसाला आहे, म्हणून नकार येत नाही. पण डिस्क उघडायला किल्लीवर 'क्रिएट-ग्रँट' लागतं, ते त्याच्याकडे नाही, आणि सर्व्हर उठता उठता बसतो. सर्व्हरच्या तपशिलात थांबण्याचं कारण म्हणून 'क्लायंट एरर ऑन लॉन्च' असं काहीसं दिसेल. त्या किल्लीसाठी 'क्रिएट-ग्रँट' द्या, आणि ते एडब्ल्यूएसच्याच सेवेसाठी वापरलं जात असेल तरच, ही अट सोबत घाला. टॅगचा इथे काही संबंध नाही.

प्रश्न : गूगल क्लाउडवर लेबल लावून परवानगी देता येत नाही, असं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तिथे लेबल आणि टॅग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लेबल हिशेबासाठी आणि शोधाशोधीसाठी. परवानगीच्या अटीत चालतो तो टॅग, आणि तो आधी संस्थेच्या किंवा प्रोजेक्टच्या पातळीवर तयार करून मग सर्व्हरला जोडावा लागतो. फायरवॉलसाठीचा नेटवर्क टॅग हा आणखी तिसरा. तुम्ही एडब्ल्यूएसवरून तिकडे गेला असाल, तर लेबल म्हणजेच टॅग असं वाटणं साहजिक आहे.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला हे सगळं हाताने करून शिकायचंय, पण सर्व्हर चालवून बिल वाढवायची भीती वाटते. (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : भीती बाळग, ती चांगली आहे, पण तिच्यापायी थांबू नकोस. ईसी-टूच्या कमांडला शेवटी 'ड्राय-रन' जोडता येतं. मग एडब्ल्यूएस फक्त परवानगी तपासतं, क्रिया करत नाही. परवानगी असेल तर 'ड्राय-रन-ऑपरेशन' असं उत्तर येतं, म्हणजे खरोखर चालवलं असतं तर चाललं असतं. नसेल तर 'अनऑथोराइज्ड-ऑपरेशन'. दोन्ही उत्तरं एररसारखी दिसतात, त्याने दचकू नकोस.

वरची पत्रं वाचून एक पॉलिसी स्वतः लिही : 'प्रोजेक्ट' टॅगची व्हॅल्यू 'बिलिंग' असेल तरच नवा सर्व्हर. ती एका वेगळ्या यूजरला दे आणि त्या यूजरने 'रन-इन्स्टन्सेस' तीनदा चालव, प्रत्येक वेळी 'ड्राय-रन' लावून. पहिल्यांदा सर्व्हर आणि डिस्क दोघांना टॅग दे. दुसऱ्यांदा डिस्कचा टॅग गाळ. तिसऱ्यांदा टॅगच्या व्हॅल्यूत शेवटी एक रिकामी जागा सोड. पहिल्याला होकार आणि पुढच्या दोन्हींना नकार यायला हवा. तिसऱ्याला होकार आला, तर तुझी पॉलिसी कागदावर उतरवून मला पाठव, आपण दोघी मिळून ती वाचू.